गावाची सामाईक कणगी

खूप खूप जुन्या काळी खाडीकाठी एक गाव होतं. दिवस मावळला की सगळी माणसं पारावर जमायची आणि कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे वासावरून ओळखायची. तसे दिवस आता राहिले नाहीत.

त्या गावात आवडा नावाची कुंभारीण होती. नवरा गेलेला, पदरात दोन लेकरं. मडकी देऊन ती भात मिळवायची आणि खाऊन उरलेला पसाभर गाडग्यात साठवायची. पण तो वाढायचा कुठला? उलट उंदीरच त्यात वाटेकरी व्हायचे. तिला कच्ची मडकी ठेवायला एक कौलारू छप्पर हवं होतं. अवेळी सर आली की तिची सगळी मेहनत पुन्हा चिखल व्हायची.

गावातले रायाजी नाईक आयुष्यभर बैलांचा तांडा घेऊन फिरलेले. कुठल्या बाजारात कशाला भाव येतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. एकदा ते पारावर म्हणाले, "पसाभर भात घेऊन कुणी व्यापाराला निघत नाही. पण सगळ्यांची मिळून एक कणगी भरली, तर मी तो भात कामाला लावीन."

"कामाला म्हणजे कसा, नाईक?" आवडाने विचारलं.

"थोड्याचं मीठ घेऊन घाटावर विकू. थोडा तेल्याला देऊ. तो घाण्याला नवा बैल जोडेल आणि तेलात आपला हिस्सा ठेवील. थोडा नारळ नेणाऱ्या गलबताच्या व्यापारात घालू. नफ्यातून माझ्या पायपिटीचा वाटा सर्वांसमोर काढीन. उरलेलं ज्याचा जेवढा भात, त्या मानाने त्याचं."

"आणि बुडालं तर?" शेजारची कोष्टीण धुरपा म्हणाली.

"तेही सगळ्यांचंच. वाढेलच असा शब्द मी देत नाही. म्हणून खायचा भात घरीच ठेवा."

आवडाने गाडग्यातला भात दिला. धुरपाने मात्र उत्साहाच्या भरात खायचासुद्धा दिला.

पहिली काही वर्षं चांगली गेली. आवडाने आपला नफाही कणगीतच राहू दिला, म्हणजे त्या नफ्यावरही नफा मिळू लागला. मग एका वादळात गलबत बुडालं. प्रत्येकाचा वाटा घटला आणि लोक नाईकांच्या दारात जमले.

धुरपाच्या घरात दाणा उरला नव्हता. तिने घटलेला वाटा उचलला आणि डोळे पुसत घरी गेली.

आवडाही घाबरली होती. तिने विचारलं, "मीठ शाबूत आहे?"

"आहे."

"आणि घाणा?"

"तोही चालू आहे."

"मग माझा भात राहू द्या," ती म्हणाली. त्या पडत्या काळातही ती प्रत्येक सुगीला पसाभर टाकत राहिली. कणगीतला एकेक वाटा आता कमी भातात मिळत होता, त्यामुळे तेवढ्याच भातात तिच्या नावावर जास्त वाटे लागले.

पुढे घाटावर मिठाला चांगला भाव आला. घाण्याचं तेल चार गावांत जाऊ लागलं. कणगी पुन्हा भरली आणि भात आधीपेक्षा वर चढला. आवडाने थोडा भात काढून छप्पर घातलं.

धुरपा ते पाहायला आली. "मीच धीर सोडला गं," ती म्हणाली.

"धीर मलाही नव्हता, बाई. घरात खायला होतं, म्हणून मी थांबू शकले. तुला ती सोयच नव्हती."

पुढच्या सुगीला धुरपाने आधी घरची कोठी भरली आणि मगच उरलेला भात पदरात बांधून ती नाईकांकडे निघाली. आवडा सोबत होती.

तात्पर्य: रोजच्या गरजेचं राखून उरलेलं थोडं थोडं, अनेकांनी मिळून, अनेक ठिकाणी लावावं आणि पडत्या काळात धीर धरावा, धन वाढतं ते असंच.