नंदीच्या वंशजाला डागणी

“ऐका हो ऐका! महाराजांच्या गजकेसरी वळूपासून झालेलं एकूण एक वासरू आजपासून सरकारजमा!”

दवंडी संपायच्या आत शिपायांनी बाभूळमाळ गावातल्या अकरा दावणी मोकळ्या केल्या. आता हा गजकेसरी कोण म्हणाल, तर तांबडगडच्या महाराजांचा लाडका खिलारी वळू. लांब शिंगं, ताठ मान, अंगावर माशी बसू देणार नाही असा तोरा! चार वर्षं तो दावं तोडून बाभूळमाळात शिरत होता. लोकांची ज्वारी खाई, गाईंमागे हिंडे. राजाचा बैल, त्याला हाकलणार कोण? पण त्याची वासरं वाढून देखणे खोंड झाले आणि महाराजांना एकदम बापाची माया फुटली.

सिदू खिलारीवाल्याची लेक गोजरा मात्र तरातरा गड चढून दरबारात आली. सिदूच्या जोडीतला एक बैल गेल्या साली पान लागून, म्हणजे साप डसून मेला होता. त्याच्या जागी यंदा जो खोंड औताला जुंपायचा, तोच शिपायांनी नेला होता. एका बैलावर नांगर कसा धरायचा?

“महाराज, खोंड आमच्या चांदी गाईचा हाय. परत द्या.”

“बीज ज्याचं, पीक त्याचं!” महाराज म्हणाले. “वळू आमचा, म्हणून वासरू आमचं. असा नियमच केलाय आम्ही. आणि पोरी, गजकेसरी म्हणजे काय चीज आहे, ठाऊक आहे? पंत, दाखवा हिला!”

दरबारचे बखरकार चिमणाजीपंत लगबगीनं पुढं झाले. त्यांनी गजकेसरीची वंशावळ लिहिली होती, चांगली चाळीस पानं. खुद्द महाराजांची वंशावळ दीड पानात आटोपलेली, तीही खोडाखोड करून! पण बैलाच्या घराण्यात एक पिढी गाळलेली नव्हती. खरं म्हणजे पाच वर्षांपूर्वी दलालानं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवला आणि हा वळू जत्रेत महाराजांना विकला, ते अर्ध्या संस्थानानं पाहिलं होतं. पण पंतांना त्या बखरीबद्दल शेला मिळाला होता, आता बोलणार कोण?

“तुझ्या खोंडाला आहे का असलं घराणं?” महाराजांनी विचारलं.

“हाय की! त्याची आई चांदी, चांदीची आई कोसी, कोसीची पवळी, पवळीची हरणी, हरणीची मैना...”

“हे कुठं लिहिलंय?”

“लिवायला कशाला पायजे? रोज धारा काढतो, त्या गाईचं नाव इसरंल व्हय कुणी?”

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांचा चेहरा लाल झाला.

“फार जीभ चालते तुझी! मग ऐक. आमचा नियम खोटा म्हणायचा नाही. बखरीतलं एक अक्षर खोटं म्हणायचं नाही. आणि तरीही खोंड सोडवून न्यायचा. तीन दिवस दिले! जमलं नाही, तर चांदीसुद्धा सरकारजमा!”

सिदूनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “अगं, खोंड गेला तर गेला, आता गाय बी घालवलीस!”

“आबा, गप बसा. आन् लोहाराला सांगावा धाडा.”

तिसऱ्या दिवशी गडावर हलगी कडाडली. महाराज धावत गजकेसरीच्या गोठ्यापाशी आले. पाहतात तर काय, सगळा बाभूळमाळ गुलाल उधळत उभा! लोहार भाता फुंकतोय आणि निखाऱ्यात त्रिशूळाची डागणी लालभडक झालीय!

“हे काय चालवलंय?”

“डाग द्यायचाय, महाराज,” गोजरा पुढं होत म्हणाली. “देवाच्या वळूला त्रिशूळाचा डाग देऊन मोकळा सोडत्यात, रीतच हाय.”

“देवाचा? गजकेसरी आमचा आहे!”

“पंत, बखरीचं पहिलं पान वाचा की वाईच.”

पंतांनी घसा साफ केला. “गजकेसरीचा मूळपुरुष श्रीनंदी, कैलासनिवासी...”

“नंदी कुणाचा?”

“हा काय प्रश्न झाला? महादेवाचा!”

“आन् बीज ज्याचं?”

“पीक त्याचं.” पंत बोलून गेले आणि मग त्यांनी घाईघाईनं बखर मिटली.

“म्हंजी नंदीचं वासरू महादेवाचं. त्याचं वासरू महादेवाचं. चाळीस पानं तशीच उलटत या, शेवटाला गजकेसरी येतो. तो बी महादेवाचा! मी नियम खोटा म्हणत न्हाय, बखर खोटी म्हणत न्हाय. लोहारदादा, तापली का डागणी?”

“थांब!” महाराज गरजले. पण ते काही कच्चे नव्हते. “मग तुझा खोंडही महादेवाचाच झाला! तुला काय मिळालं?”

“काय बी न्हाय! देवाचं जनावर ना तुमच्या दावणीला, ना माझ्या. खोंडाचं दावं तेवढं सोडा. चांदी माळावर हंबरतीया, त्याला वाट ठाव हाय.”

लोहारानं डागणी उचलली. गजकेसरीनं फुरफुर केलं. महाराज बैलापुढं आडवे झाले.

“अगं, काही उपाय?”

“हाय की. नियम खोटा, न्हायतर बखर खोटी. मला तसं म्हणायची बंदी हाय. तुमीच म्हणा!”

महाराजांनी बखरीकडं पाहिलं, बैलाकडं पाहिलं, पंतांच्या शेल्याकडं पाहिलं आणि पोट धरधरून हसायला लागले.

“नियम खोटा! वासरू गाईच्या धन्याचं! अकराही सोडा रे! आणि पोरी, वर तुला काय देऊ? माग!”

“चांदीची बखर लिवून द्या. पंतांना सहा महिने आमच्या गोठ्यावर धाडा. गाईचं घराणं ऐकायचं तर पहाटं उठून शेण भरावं लागतं!”

“दिले!” महाराज डोळे पुसत म्हणाले. “पंत, तो शेला इथंच ठेवून जा. उगाच शेणानं भरायचा!”