मठाचं विरजण

"तुमच्या मागं ह्याचं काय, आक्का?"

विरूपाक्षानं तिसऱ्यांदा विचारलं. निंबाक्का मडक्यावरचं फडकं सोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

डोंगरावरच्या त्या मठातला देव साधाच, पण विरजण मात्र पंचक्रोशीत नावाजलेलं. कालच्या दह्यातलं थोडं ठेवायचं, आजच्या दुधाला लावायचं. आक्कांच्या गुरूंच्याही आधीपासून ह्यात एका दिवसाचा खंड पडला नव्हता, असं सांगायचे. जिच्या घरचं दही बिघडायचं किंवा संपायचं, ती दिवस कलला की वाटी घेऊन वर यायची आणि विरजण घेऊन जायची.

विरूपाक्ष पोरवयात मठात आला आणि बारा वर्षं आक्कांचा शिष्य म्हणून राहिला. पुढं त्यानं हमरस्त्याला डेअरी काढली, तीन तालुक्यांत नाव केलं, आणि आज गुरूला चार गोष्टी शिकवायला एवढ्या पायऱ्या चढून आला होता. काखेत कागदांची फाईल होती.

"मी हे प्रयोगशाळेत तपासून घेतलंय, आक्का. ह्यातले जंतू दुसरीकडं कुठंच सापडले नाहीत. कुठंच!"

"जंतू म्हनू नगंस. वाईट वाटंल त्यास्नी."

"थट्टा नको. तुमचं वय झालं. वस्तीत निम्म्या घरांत आता पिशवीतलं दही येतं. उद्या तुम्ही नसलात की हे मडकं धुऊन कुणीतरी त्यात तुळस लावील."

बोलता बोलता त्यानं मडक्याच्या काठावरून हात फिरवला. ते नाटक नव्हतं. ह्याच मडक्यातल्या ताकावर त्याचं अंग भरलं होतं, आणि ते एक दिवस संपेल ह्या विचारानं त्याची झोप उडाली होती.

"मग काय करू म्हनतोस?"

"माझ्या नावावर करा. मी गोठवून ठेवतो. शंभर वर्षं जसंच्या तसं राहील. जागचं हलणार नाही."

"हलनार न्हाई…" आक्का म्हणाल्या. "मग जित्तं कसं म्हनायचं त्याला?"

विरूपाक्षानं ते कानाआड केलं.

"आणि उद्यापासून वाटणं बंद करा. घरोघरी असलं तर माझ्या मालकीच्या कागदाला काय अर्थ? कुणी चोरून नेलं म्हणजे?"

"चोरानं मागितलं असतं तरी दिलं असतं."

एवढ्यात पायऱ्यांवर बांगड्या वाजल्या. पाच-सहा जणी वर आल्या. सुंद्राबाई सगळ्यांत पुढं होती.

आक्का काही बोलायच्या आत विरूपाक्ष दारात आडवा उभा राहिला.

"उद्यापासून इथं विरजण मिळायचं नाही. आज शेवटचं."

बाया पायरीवरच थबकल्या. त्यांनी आक्कांकडं पाहिलं.

आक्कांनी विरूपाक्षाकडं पाहिलं. मग पळी उचलली.

"वाटी पुढं कर, सुंद्रा. एवढीच? घरात तांब्या न्हवता व्हय गं?"

रोज चमचा मिळायचा, आज पळीनं मिळू लागलं. एकीला दिलं, दुसरीला दिलं. विरूपाक्षाची नजर मडक्यावरून हलेना. मठाचा एकच नियम होता, तळाला लागायचं नाही. पोरपणी एकदा त्यानं भुकेच्या भरात तळ खरवडला, तर ह्याच आक्कांनी त्याला दिवसभर उपाशी बसवलं होतं.

"आक्का… तळ दिसायला लागला."

"दिसू दे."

आक्कांनी बोट वाकवलं, तळ निपटून घेतला आणि ते बोट शेवटच्या बाईच्या वाटीला पुसलं. मग मडक्यात पाणी घातलं, काथ्यानं घासलं, पाणी अळूच्या वाफ्यात ओतलं.

"काय केलंत हे!" विरूपाक्ष ओरडला. बाया दचकून पायऱ्या उतरू लागल्या. "मूळ होतं ते! शेकडो वर्षांचं! तुम्हाला हक्क काय होता?"

आक्कांनी ओलं मडकं त्याच्या हातात दिलं.

"हे घे. कर तुझ्या नावावर."

त्यानं ते छातीशी घट्ट धरलं.

चुलीवरचं दूध उतरवून ठेवलेलं होतं. आक्कांनी त्यात करंगळी घालून पाहिली. दूध कोमट झालं होतं.

"ह्याला आता काय लावणार?" विरूपाक्ष कसाबसा म्हणाला.

"चल."

आक्का वाकून वाकून पायऱ्या उतरल्या. तो मागून निघाला. वस्तीतलं जे घर आधी लागलं, त्याच्यापुढं त्या थांबल्या आणि पदराखालची रिकामी वाटी त्यांनी विरूपाक्षाकडं दिली. स्वतः अंगणातल्या जात्याच्या दगडावर टेकल्या.

एक तरणी सून बाहेर आली. नवीनच असावी, तिनं दोघांनाही ओळखलं नाही.

"काय पायजे, मामा?"

विरूपाक्षानं तोंड उघडलं आणि मिटलं. बारा वर्षं मठात काढली, पण भिक्षेला जायची पाळी त्यानं दर वेळी दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती. बाहेर पडल्यापासून तर लोकच त्याच्याकडं मागायला यायचे. मागायचं कसं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"वि…"

पुढचा शब्द येईना. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही त्याला राग आला.

सुनेनं त्याच्याकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं.

"विरजण व्हय? थांबा की."

ती आत गेली आणि चमच्यात दही घेऊन आली. घट्ट, कडेला थोडं पाणी सुटलेलं. तो वास त्यानं अंधारातही ओळखला असता. तिनं चमचा वाटीवर धरला…

"थांब गं पोरी," दगडावरून आक्का म्हणाल्या. "देऊ नगंस. ह्ये कुनाचं हाय, ते आधी त्याला सांगू दे."