भुजंगशेठची गाडी भरली कशी?

भुजंगशेठच्या बारा ड्रायव्हरांनी संप केला आणि गाड्या स्टँडवर उभ्या राहिल्या. मागणी एकच, आठवड्याला एक सुट्टी द्या. पण शेठ कसला ऐकतोय!

"सुट्टी कशाला? माझ्या गाडीत काळं कुत्रं बसत नाही. सगळे पलीकडच्या लोखंड्यांच्या गाडीत! उद्या चिंचोलीचा बाजार. त्याच्या आधी माझी गाडी भरून दाखवा. भाडं कमी करायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. भरली तर सुट्टी. नाही भरली तर बाराही जण कायमचे घरी!"

ड्रायव्हरांतल्या मुकिंदाची बायको सुंद्रा डबा घेऊन आली होती. तिची धाकटी पोर बापाला बघून परका समजून रडायची, त्यामुळं बाई आधीच तापलेली.

"मंजूर, मालक," ती म्हणाली.

आता रीत तुम्हाला ठाऊकच आहे. असली भाड्याची गाडी भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून रिकाम्या गाडीत कुणी शहाणा चढत नाही.

सकाळी शेठ बघतो तर गाडीत बारा ड्रायव्हर, शेजारी त्यांच्या बायका, मांडीवर गाठोडी! बाजारकरू म्हणाले, "ही सुटतीय बघा." झालं, लोखंड्यांच्या गाडीतनं माणसं उतरून इकडं पळाली. दोन उतारू चढले की एक ड्रायव्हर बायकोला घेऊन उठायचा, "बसा मावशी, आम्ही मागनं येतो," म्हणून मागच्या दारानं खाली. अर्ध्या तासात गाडी गच्च.

"अगं, हे तर माझेच संपवाले!" शेठ ओरडला.

"संप गाडी चालवण्याचा हाय, मालक. बसायला कुठं बंदी होती?" सुंद्रा म्हणाली.

आतून लोक कावले, "ओ शेठ, सोडा की गाडी!" शेठनं मुकिंदाकडं बघितलं. मुकिंदानं बायकोकडं बघितलं.

"भरली खरी, पण उभीच आहे ना?" शेठ म्हणाला.

"पैज गाडी भरायची होती," सुंद्रा म्हणाली. " हलवायची असंल तर सुट्टी लिहून द्या. न्हाईतर ही माणसं उतरायला किती वेळ लागतो?"

पलीकडं लोखंडे स्वतः आपल्या गाडीचं दार उघडून हसत उभे होते. ते बघून शेठलाच हसू फुटलं. त्यानं तिथंच कागदावर सही ठोकली.

"बाई, उद्यापासून स्टँडवरच्या सगळ्या गाड्या तूच सोडायच्या. पगार ड्रायव्हरइतका!"

"परवापासून येते, मालक," सुंद्रा म्हणाली. "उद्या आमच्या घरी सुट्टी हाय."

शेठ पोट धरून हसत बाकड्यावर बसला.