गर्डरखालचं पेव

एका गावात एक शिंपी राहत होता, मोठा कसबी. कोटाची फाटकी बाही तो अशी सांधायचा, की ज्याचा कोट त्यालाही ती जागा सापडू नये. फाटलं की टाका घालायचा आणि वरून इस्त्री फिरवायची, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. घराचंही तसंच असेल असं त्याला वाटलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

सून बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा त्याने दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठा दिवाणखाना करायचं ठरवलं. "बारसं आमच्याच घरी, सगळ्या गावाला बोलावून!" असं तो भेटेल त्याला सांगत सुटला.

गवंडी आला. म्हणाला, "मधली भिंत गेली, की माळ्याचा सगळा भार तिच्या जागी घालायच्या लोखंडी गर्डरवर आणि गर्डरचा भार त्याच्या टोकांवर. टोकांखाली जुना पाया कसा आहे, उकरून बघू का?"

शिंप्याने स्वयंपाकघराकडे नजर टाकली. स्वयंपाकघराकडच्या टोकाखाली पूर्वी धान्य साठवायचं पेव होतं. तो लहान असताना वडिलांनी तो खड्डा राख, भुसा आणि फुटक्या कौलांनी बुजवून त्यावरच भिंत उचलली होती. हे आता त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. सांगितलं तर नवा पाया भरावा लागणार, बारसं लांबणार आणि गावात हसं होणार.

"आमच्या वडिलांच्या हातचं काम आहे," तो म्हणाला. "त्यात काय बघायचं?"

गवंड्याने मान डोलावली. त्यालाही दुसऱ्या कामावर जायची घाई होतीच.

गर्डर चढला, टेकू निघाले. थोड्याच दिवसांत स्वयंपाकघराचं दार अडकू लागलं. शिंप्याने त्यावर रंधा मारला. ते पुन्हा अडकलं. मग कोपऱ्यात बारीक भेग दिसली. त्याने ती चुन्याने लिंपली, तर दुसऱ्या दिवशी ती आणखी रुंद झालेली. त्याला अन्न गोड लागेना. माळ्यावर मांजर चाललं तरी तो दचकून वर बघायचा.

"तुम्हाला होतंय तरी काय?" बायकोने विचारलं.

"कुठे काय! भिंतीला जरा ओल आहे, वाळली की होईल ठीक," असं म्हणून त्याने भेगेवर कॅलेंडर टांगलं.

बारशाच्या दिवशी सून बाळाला घेऊन आली आणि घर बायकांनी भरून गेलं. बायकोने हौसेने पाळणा गर्डरलाच बांधला. शिंप्याने ते पाहिलं. आता बोलावं तर चारचौघांत अब्रू जाणार, न बोलावं तर पाळण्यात नातू. तो कॅलेंडरपाशी जाऊन उभा राहिला. बायकांनी गाणं धरलं.

एवढ्यात कॅलेंडर खिळ्यासकट खाली पडलं. भेगेत हात जाईल एवढी फट झाली होती आणि वरून माती झरत होती.

"बाहेर व्हा!" शिंपी किंचाळला. "खाली पेव आहे! पाया पोकळ आहे! आधी बाळाला उचला!"

सुनेने बाळ उचललं आणि ती धावत सुटली. शेवटची म्हातारी उंबरा ओलांडते न ओलांडते, तोच गर्डरचं टोक खचलं, भिंत कलली आणि माळा धाडकन खाली आला. धूळ बसल्यावर पाळण्याची एक फळीसुद्धा धड दिसेना.

सगळे अंगणात जमले होते. शिंपी सुनेजवळ गेला आणि त्याने बाळासाठी हात पुढे केले.

ती मागे सरली. "मामंजी, तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी माझ्या बाळाला त्याच्याखाली निजवू दिलंत?"

शिंप्याने पुढे केलेले हात मागे घेतले. पुढे गावाने हातभार लावला, पेव उपसून नवा पाया भरला आणि घर पुन्हा उभं राहिलं. पण नातू अंगणात रांगू लागला तरी सून त्याला आजोबांच्या मांडीवर कधी देत नसे.

तात्पर्य: आपल्याला ठाऊक असलेला धोका अब्रूसाठी झाकू नये. तो शेवटी आपल्याच माणसांच्या डोक्यावर येतो.