चव्हाट्यावरचा उतारा

एका राज्यात महालातलं दूध कधी उतू जात नसे. राजा मानसेन चालताना अडखळत नसे, जेवताना त्याला ठसका लागत नसे, त्याच्या अंगरख्याचा बंदसुद्धा कधी तुटत नसे. आणि त्याच राज्यात गावातली माणसं तेल आणायला गेली की रिकाम्या हाती येत, मडकं आणायला गेली की खापऱ्या घेऊन येत. घरी आल्यावर ती स्वतःलाच बोल लावत. "माझाच मेला धांदरटपणा," म्हणत आणि पुन्हा निघत.

त्या गावात सारजा नावाची एक बाई राहत होती. तिची लेक सुंदरा माहेरी बाळंत झाली आणि पाचवीच्या दिवशी तापाने फणफणली. जावई मिठाच्या तांड्याबरोबर दूरदेशी गेलेला. भिवबा वैद्याने सुंदराची नाडी धरली आणि म्हणाला,

"सारजाबाई, तीन वस्तू आणा. तेलिणीकडचं तिळाचं तेल, डोंगरातला मध आणि नदीकाठच्या गवळ्याकडचं शेळीचं दूध. मात्रा त्यातच द्यावी लागेल. दिवेलागणीच्या आत आणा."

"उशीर झाला तर?"

"उशीर करू नका."

तिन्ही वाटा गावच्या चव्हाट्यावरून फुटत. सारजा चव्हाटा ओलांडून तेलिणीकडे गेली, बुधली भरून निघाली. अर्ध्या वाटेत तिची जीभ एकदम पोळली, जशी उकळती खीर तोंडात घेतल्यावर पोळते. हात तोंडाशी गेला आणि बुधली दगडावर पडली.

ती चव्हाट्यावरून डोंगराकडे वळली. तिथल्या म्हाताऱ्याने तिला द्रोणभर मध काढून दिला. परत येताना, आभाळ निरभ्र असताना, वरून काळी शाई सांडली. निम्मी तिच्या लुगड्यावर, निम्मी मधात. सारजाला लिहिता येत नव्हतं. तिच्या घरात दौतही नव्हती.

मग ती नदीकडे गेली. गवळ्याने दुधाचा तांब्या दिला. सपाट वाटेवर तिचा पाय उंच शिडीवरून निसटावा तसा निसटला. पडता पडता क्षणभर तिला हत्तीची गरम कूस हाताला लागली. आजूबाजूला हत्ती नव्हता. दूध धुळीत गेलं.

सारजा चव्हाट्यावर येऊन बसली. ऊन कलायला लागलं होतं.

"मी धांदरट नाही," ती मोठ्याने म्हणाली. "आणि खीर मी खाल्लीच नाही, तर जीभ कशी पोळली?"

पलीकडे उघड्या जमिनीवर टिटवी अंड्यांवर बसली होती. ती म्हणाली, "खीर राजाने खाल्ली."

"आणि शाई?"

"शाई राजाची. हत्तीही राजाचा. कुंजरनाथ मांत्रिक रोज पहाटे राजावरून उतारा काढतो आणि इथे मातीखाली पुरतो. राजाच्या वाट्याचं सगळं पोळणं-पडणं त्यात असतं. जो ओलांडतो, त्याला ते भोगावं लागतं."

"आणि तू इतकी वर्षं गप्प बसलीस?"

"मी रोज ओरडते, बाई. तुम्ही म्हणता, टिटवी ओरडली, अपशकुन झाला."

सारजाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि दोन्ही हातांनी माती उकरली. खाली चांदीची वाटी निघाली. वाटीत दहीभात, भातावर लिंबू. उताऱ्याला कुणी हात लावत नाही. सारजाने तो उचलला आणि महालाची वाट धरली.

दारावरच्या भालेकऱ्यांनी तिला अडवलं.

"काय आहे ते?"

"राजाचा उतारा. परत द्यायचाय."

भाले बाजूला झाले. एक भालेकरी भिंतीला चिकटून म्हणाला, "जा बाई. जरा लांबून जा."

दरबार भरला होता. सारजाने आत पाऊल टाकलं, वळून वाटी दरबाराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि उभी राहिली.

"महाराज, तुमची वस्तू आणली. हिच्यापायी आज माझी जीभ पोळली, पाय घसरला."

राजाने कुंजरनाथाकडे पाहिलं. कुंजरनाथाने जमिनीकडे पाहिलं.

"म्हातारे," राजा म्हणाला, "जीभ पोळणं, पाय घसरणं, या एवढ्याशा गोष्टी. त्यासाठी दरबारात येतात का?"

"एवढ्याशा होत्या, तर तुम्ही ठेवून का घेतल्या नाहीत?"

राजाने अंगरख्याचा बंद चाचपला.

"तुमची खीर सांडली तर दुसरी वाटी येते. माझं दूध सांडलं, तर माझी लेक जाईल. गावात कुंभारीण स्वतःच्या हातांना शिव्या देते, की हे हातच वाईट. ते हात वाईट नाहीत, महाराज. चांगले हात आहेत. तुम्ही त्यांना वाईट म्हणायला लावलंत."

"कुंजरनाथ, ती वाटी बाहेर फेकून ये."

"उंबरा ओलांडावा लागेल, महाराज," कुंजरनाथ म्हणाला आणि मागे सरकला. प्रधान सरकला. सेनापतीही सरकला.

"गाव रोज ओलांडतं," सारजा म्हणाली. "गावातली पोरंसोरं ओलांडतात."

राजाने मांत्रिकाला विचारलं, "मी ओलांडला तर?"

"तर मंत्र तुटेल. कायमचा. पण आजवरचं सगळं एकदम अंगावर येईल."

"लवकर ठरवा, महाराज," सारजा म्हणाली. "मला घाई आहे."

राजाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी नजर दिली नाही. मग तो उठला, चालत आला आणि त्याने उंबरा ओलांडला.

त्याच्या जोड्याचा बंद तुटला. पगडी घरंगळली. त्याला ठसका लागला, जीभ पोळली, अंगावर शाई सांडली, आणि कोपर दाराच्या कडीवर असं आपटलं की तो खालीच बसला. चांदीच्या वाटीची माती झाली. कुंजरनाथाने मंत्र म्हणायला तोंड उघडलं, तर त्याला एकही आठवेना.

राजा कोपर चोळत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हे असं होतं?"

"असंच होतं. आणि त्यात परत वाट चालायची असते."

राजाने तिला पालखी देऊ केली.

"पालखी हळू चालते," ती म्हणाली आणि निघाली.

तेलिणीने बुधली पुन्हा भरली. डोंगरातल्या म्हाताऱ्याने काही विचारलं नाही, नुसता द्रोण पुढे केला. गवळ्याने शेळी दुसऱ्यांदा पिळली. सारजा तिन्ही जिन्नस सांभाळत चालली. घर दिसू लागलं तेव्हा तिचं लक्ष दारातल्या वैद्याकडे गेलं आणि अंगठा दगडावर आपटला. नखातून रक्त आलं. पण तांब्या हलला नाही.

भिवबाने मात्रा उगाळली. दिवा लागला तेव्हा सुंदराच्या कपाळावर घाम फुटला होता. दुसऱ्या दिवशी महालात दूध उतू गेलं आणि गावात बाजाराला गेलेली माणसं भरल्या हाताने परतली.

सुंदराने डोळे उघडले, बाळाकडे पाहिलं, मग आईच्या पायाकडे.

"आई, पायाला काय झालं?"

"काही नाही गं," सारजा अंगठ्यावर चिंधी बांधत म्हणाली. "ही माझीच ठेच आहे."