वाट विसरलेल्या मधमाशा

एका राज्यात मधमाशांना दरबारी मान होता. राजवाड्यामागच्या टेकडीवर त्यांची तीनशे पोळी होती आणि त्यांची राखण तुंगा नावाची बाई करीत असे. तिच्याआधी तिचे वडील भैरोजी करीत. तुंगेला पन्नासावं लागलं होतं, गुडघे कुरकुरू लागले होते, आणि त्या वर्षी डोक्याला नवाच ताप झाला. म्हाताऱ्या माशा घर विसरू लागल्या.

मधमाशी तरुणपणी पोळ्यात राहते, अळ्यांना भरवते. वय झालं की बाहेर पडते, फुलं धुंडते. हा क्रम डोंगरांइतका जुना. पण आता बाहेर गेलेल्या माशा परतत नव्हत्या. कुणी हत्तीच्या सोंडेवर बसून राही, कुणी आठ दिवसांपूर्वी सुकलेल्या फुलावर पुन्हा पुन्हा जाई. मग तीच गत माणसांची झाली. भैरोजी एके सकाळी पाण्याला गेले आणि नदीकाठीच बसून राहिले. तुंगा शोधत गेली, तर हात जोडून म्हणाले, "बाई, आपण कोणाच्या? मला घरी सोडता का?"

राजा मणिकेतूने फर्मान काढलं, की पोळ्यापोळ्यावर निशाण लावावं, म्हणजे माशांना घर दिसेल. तुंगेने तीनशे निशाणं लावली. माशा निशाणांवर जाऊन बसल्या.

"महाराज, हा शाप आहे," ती म्हणाली. "निशाणांनी जायचा नाही."

राजा म्हणाला, "आमच्या वडिलांनी गेल्या वर्षी, मरायच्या आधी, शतभिष मांत्रिकाला म्हातारा झाला म्हणून वाड्याबाहेर काढलं. जाताना तो म्हणाला, या राज्यात जो जो म्हातारा होईल, तो तो आपलं घर विसरेल. उतारा त्याच्याचपाशी आहे."

"हे आधी सांगितलं असतंत," तुंगा म्हणाली, "तर माझे चार दिवस वाचले असते."

वडिलांना शेजारणीच्या हवाली करून ती निघाली. मांत्रिकाच्या डोंगराशी, ओढ्याच्या दरडीवर एक वेडा राघू बसला होता. हा हिरवा पक्षी माशा खाऊन जगतो, म्हणून तुंगेचा त्याच्यावर जन्माचा राग.

"गुहेची वाट मी दाखवतो," राघू म्हणाला. "माझी मादी ससाण्याने नेली. बिळात पाच पिल्लं आहेत. तुझ्या त्या भ्रमिष्ट माशा खाऊन त्यांची पोटं बिघडली."

"पोटं बिघडली तर खाऊ घालू नकोस," तुंगा म्हणाली, पण गेली त्याच्यामागून.

गुहेत शतभिष खाटेवर बसला होता. दाढी पायांपर्यंत आलेली. "उतारा देईन," तो म्हणाला. "आधी अग्निझऱ्याचं पाणी आण."

तुंगा सहा दिवस चालली. अग्निझऱ्याचं पाणी उकळत नाही, नुसतं जळतं. ते तिने तांब्याच्या घागरीत आणलं. मांत्रिकाने आत डोकावून विचारलं, "हे कशाला?"

"आपणच मागितलंत."

"असेल. मग पाषाणसर्पाच्या माथ्यावरचा माणिक आण."

तो माणिक शापित. जो उचलेल त्याच्या सावलीला तीन दिवस ताप येतो. तुंगेने उचलला आणि मागे कुडकुडणारी सावली ओढत परत आली. शतभिषाने तो माणिक खाटेच्या डुगडुगत्या पायाखाली सारला.

"आता ठीक बसली," तो म्हणाला. "पण बाई, आपण कोणाच्या?"

हेच शब्द तुंगेने नदीकाठी वडिलांकडून ऐकले होते. हा डोंगरही याच राज्यातला, आणि मांत्रिकही इथेच म्हातारा झालेला. त्याचा शाप त्यालाच लागला होता.

"उतारा आपल्याला आठवतच नाही," ती म्हणाली.

"ओठांवर येतो आणि उडतो," शतभिष म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "एवढंच आठवतं, की तो मला एका पोळ्याने शिकवला. त्यात अळ्या होत्या आणि तरुण माशी एकही नव्हती. तसं पोळं करून बघ. हे तिसरं काम."

"मग अळ्यांना भरवणार कोण?"

"ते आठवत असतं, तर तुला कशाला राबवलं असतं?"

तुंगा पुटपुटत टेकडीवर आली. एका पोळ्यातल्या तरुण माशा तिने झाडूनझाडून दुसरीकडे नेल्या. सोंडांवरून, निशाणांवरून म्हाताऱ्या माशा वेचून आणल्या आणि अळ्यांजवळ सोडल्या. दोन दिवस त्या नुसत्या फिरत राहिल्या. तिसऱ्या दिवशी एक फाटक्या पंखांची माशी एका घरात डोकं घालून अळीला भरवू लागली. मग दुसरी. मग दहा. आठव्या दिवशी तुंगेने त्यांना बाहेर सोडलं. सगळ्या नाही, पण निम्म्याहून जास्त माशा फुलांवर जाऊन सरळ घरी आल्या.

ती डोंगरावर परतली. शतभिष सगळं विसरला होता. तिने काही समजावलं नाही. त्याला हाताला धरून दरडीशी आणलं आणि पाच पिल्लं त्याच्या ओटीत ठेवली.

"याला स्वतःचं नाव ठाऊक नाही," राघू म्हणाला.

"यांना दर घटकेला भरवायचं," तुंगा मांत्रिकाला म्हणाली. "चतुर, टोळ, नाकतोडे. माशा नकोत."

पहिल्या दिवशी त्याने एकाच पिल्लाला दहा वेळा भरवलं आणि बाकीची उपाशी राहिली. तुंगा त्याच्यावर ओरडली, राघू दोघांवर ओरडला. चौथ्या दिवशी तो पिल्लं मोजू लागला. सातव्या दिवशी त्याने त्यांना नावं दिली आणि ती संध्याकाळपर्यंत टिकली. नवव्या दिवशी हातात टोळ धरून तो एकाएकी थांबला.

"आठवलं," तो म्हणाला.

"मग म्हणा."

"थांब. पाचव्याचं राहिलंय."

पाचव्याला भरवून त्याने उतारा म्हटला. तो तीनच शब्दांचा होता. डोंगरावरून वारा उतरला आणि राज्यभर जिथे जिथे कुणी वाट चुकून बसलं होतं, ते उठून चालू लागलं. राजा मणिकेतू स्वतः डोंगरावर आला, वडिलांच्या वतीने वाकला आणि शतभिषाला पालखीतून वाड्यात घेऊन गेला. पिल्लं उडाल्याखेरीज मांत्रिक पालखीत बसला नाही, म्हणून राजाला बारा दिवस दरडीवर थांबावं लागलं.

तुंगा थांबली नाही. ती शेजारणीकडे गेली, तर भैरोजी तिथे नव्हते. ती धावत आपल्या घरी आली. दार आतून लावलेलं होतं. तिने थाप मारली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी तुंगा."

"तुंगा नव्हे," भैरोजी आतून म्हणाले. "ही कडी बाहेरून बोट घालून कशी काढायची, ते माझ्या मुलीला सहा वर्षांची असल्यापासून येतं."

तुंगेने फटीत बोट घातलं आणि कडी काढली.