यल्लाप्पाचा अंगठा

मला हे सांगायचं नव्हतं. वसतिगृहाला तीस वर्षं झाली म्हणून पुस्तक काढतायत, आणि त्यात म्हणे आचाऱ्याचेही दोन शब्द हवेत. तीस वर्षं माझ्या हातची आमटी ओरपली, तेव्हा कुणाला दोन शब्द सुचले नाहीत. आता ऑफिसातली पोरगी रोज वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. तिच्यापायी काल चार भाकरी करपल्या. म्हणून लिहितोय.

माझी शाळा तिसरीपर्यंत. चुकलं तर तिनं सुधारावं. नावं मात्र बदलू नयेत. ती मी मुद्दाम खरी घातलीत.

तर.

"मास्तर, एक सही करायला तुमचं काय जातं?"

हे नागेश म्हणाला. उभ्या उभ्या म्हणाला, चपला पायातच ठेवून.

मास्तर म्हणजे इनायत मास्तर. दर्ग्यामागच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या जुन्या ठाण्यात, फकिरासारखे राहायचे. एक चटई, एक सुरई, दोन सदरे. शाळेतून निवृत्त झाले आणि वस्त्यावस्त्यांतून पोरं गोळा करायला लागले. ज्यांच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, अशीच पोरं. तकियाच्या चार खोल्यांत ती राहायची, मी रांधायचो. तेच हे वसतिगृह.

कॉलेजात घालणारे पुष्कळ असतात. हार घालतात, फोटो काढतात, जातात. मास्तर पदवीचा कागद हातात पडेपर्यंत पोराच्या मागं असायचे.

नागेश त्यातला सगळ्यात हुशार. वडार वस्तीतून शेवटच्या वर्षाला पोचलेला पहिला. हुशार होता, आणि ते त्याला दुसऱ्यानं सांगावं लागत नव्हतं.

मास्तरांनी सुरईतलं पाणी पेल्यात ओतलं, पेला त्याच्यापुढं सरकवला.

त्यानं घेतला नाही.

"साडेबारा झालेत," नागेश म्हणाला. "दोनला खिडकी बंद होते. मग शिष्यवृत्ती गेली. शिष्यवृत्ती गेली की परीक्षेचा फॉर्म गेला. तीन वर्षं पाण्यात. तुम्हाला चालेल?"

"तुला?"

"म्हणून तर आलोय."

झालं होतं असं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मावर पालकाची सही लागते. मागची दोन वर्षं तिथं नागेशच्या बापाचा अंगठा होता. यंदा सही आली. तीही इंग्रजीत, खाली वेलांटीसारखा फराटा मारलेली. क्लार्कनं तिन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, बाप वर्षात इंग्रजी शिकला का?

आणि यानं काय सांगितलं त्याला?

"मी सांगितलं, सही भैरूमामानं केली असेल," नागेश मास्तरांना म्हणाला. "फॉर्म त्यांच्याच हातून गेला होता."

भैरू म्हणजे मी. भाजी आणायला बाजारात जायचो तेव्हा सह्या झालेले सगळ्या पोरांचे फॉर्म कॉलेजात टाकून यायचो. ते माझं पाप.

मी कणीक सोडून बाहेर आलो. "माझी स्वतःची सही करायला बसलो तर डाळ उतू जाते," मी म्हणालो. "तुझ्या बापाची कधी करू? आणि इंग्रजीत?"

"तुम्हाला काय फरक पडतो, मामा? तुम्हाला कुठं परीक्षेला बसायचंय?"

"क्लार्क काय म्हणाला?" मास्तरांनी विचारलं.

नागेशनं मान दुसरीकडं वळवली.

"काय म्हणाला?"

"त्या आचाऱ्याला घेऊन या. लेखी घेतो, मग पोलिसात द्यायचं का बघू."

मी भिंतीला धरून खाली बसलो. घरात दोन पोरी होत्या लग्नाच्या. गावात एकदा बोभाटा झाला की दारात कोण येतं?

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्याच्याकडंच बघत राहिले.

बाहेर अंगणात आवाज चालला होता.

टक. टक. टक.

आमचा पाटा गुळगुळीत झाला होता, चटणी वाटली जात नव्हती. असा पाटा झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते, म्हणजे छिन्नीनं बारीक बारीक खाचा पाडून पुन्हा खरखरीत करायचा. सकाळपासून एक जण चिंचेखाली बसून तेच करत होता.

तो कोण होता, मला ठाऊक होतं. मास्तरांना ठाऊक होतं. नागेश त्याच्या अंगावरूनच आत आला होता.

"नवा फॉर्म आणलाय," नागेशनं खिशातून घडी काढली. "स्थानिक पालक म्हणून तुम्ही सही करा. किसनसाठी करता, त्या दोघी बहिणींसाठी करता. माझ्यासाठी एकदा केली तर…"

"ती सही मी बाप नसलेल्या पोरांसाठी करतो."

…

टक. टक.

"तुझा बाप कधी गेला, नागेश?"

नागेशचा चेहरा असा झाला, जसा तव्यावर पाणी टाकल्यावर तवा होतो.

"त्या फॉर्मात बापाचा धंदा काय लिहिलायस?"

"…कॉन्ट्रॅक्टर."

मला हसू आलं. एवढ्या भीतीतही आलं. तसं म्हटलं तर खोटं नव्हतं. दगडाशी त्या माणसाचं जन्माचं कॉन्ट्रॅक्ट होतं.

"हसू नका," नागेश माझ्यावर ओरडला. मग आवाज खाली आणला, बाहेर जाऊ नये म्हणून. "तुम्हाला काय माहितीय? त्या खिडकीवर रांग असते. माझ्या वर्गातली पोरं असतात. सर असतात. क्लार्क मुद्दाम मोठ्यानं म्हणतो, अंगठेबहाद्दर आले, शाईचं पॅड आणा. दोन वर्षं ऐकलं मी. रांगेतली पोरगी हसली होती मागच्या वर्षी. मी वर्गात पहिला येतो, मास्तर. पहिला. आणि सगळ्यांपुढं माझ्या बापाचा अंगठा धरून पॅडवर दाबतात. जसा काही… जसा काही गुरांना डाग देतात."

टक. टक.

मास्तर उठले. गुडघ्यांवर हात देऊन, सावकाश. फळीवरून त्यांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात पोरांची सगळी कागदं असायची, प्रत्येकाची वेगळी, सुतळीनं बांधलेली. त्यातला एक कोरा कागद नागेशपुढं ठेवला. पेन ठेवलं.

"बापाची सही कर."

"कशाला?"

"बघू दे मला."

नागेशनं दात आवळले. खाली बसला, आणि एका दमात सही ओढली. फराट्यासकट.

मास्तरांनी कागद उजेडाकडं धरला. "छान आहे," म्हणाले. "वळणदार."

मग डब्यातलं शाईचं पॅड काढून उघडलं.

"आता त्याचा अंगठा लाव."

"काय?"

"सही केलीस. अंगठाही कर."

"त्यांचा अंगठा मी कसा करणार?"

"तू तर शिकलायस."

नागेश बघत राहिला. मग राग आला त्याला. अंगठा पॅडवर रगडला आणि सहीशेजारी असा दाबला की कागद सरकला.

"घ्या," म्हणाला. "झालं समाधान?"

मास्तरांनी सुतळी सोडली. नागेशच्या गठ्ठ्यातून मागच्या वर्षीच्या फॉर्माची नक्कल काढली. त्या काळी ते प्रत्येक फॉर्म दोनदा भरून घ्यायचे, एकावर काही सांडलं तर असावा म्हणून. त्यावर बापाचा अंगठा होता. दोन्ही कागद त्यांनी जमिनीवर शेजारी ठेवले.

मीही वाकून पाहिलं.

नागेशच्या अंगठ्यात रेघा होत्या. बारीक, गोल गोल, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. एक न् एक मोजावी अशी.

बापाचा नुसता काळा डाग. वाटाण्याएवढा. आत काही नाही.

"हा नीट उठला नाही," नागेश म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या आधीच्या वर्षाचा कागद काढला. त्याच्या शेजारी ठेवला.

तसाच डाग.

बारावीच्या वर्षाचा ठेवला. तसाच. अकरावीचा ठेवला. त्यात कडेला एक रेघ होती. अर्धी.

…

टक. टक. टक. टक.

"त्याच्या रेघा कुठं गेल्या, नागेश?"

नागेश त्या अर्ध्या रेघेकडं बघत राहिला. मग स्वतःच्या शाईच्या अंगठ्याकडं. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. माझी डाळ खाली लागल्याचा वास येत होता आणि मी उठलो नाही.

मग तो उठला. चपला काढल्या. अंगणात अनवाणी गेला.

बाहेरचा टकटकाट थांबला.

"नागू? काय रं, जेवलास का?" यल्लाप्पा म्हणाला. यल्लाप्पा धोत्रे, त्याचा बाप. भुवयांपर्यंत दगडाची पूड.

"अप्पा, कॉलेजात यायचंय. अंगठा लावायला."

"हितं आणला असतास तर लावला असता की. तुला तिथं बरं वाटत न्हाई म्हणून यंदा मी आलो न्हाई."

त्याला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं त्या माणसाला.

मलाही जावं लागलं. क्लार्कनं बोलावलंच होतं, आणि मास्तरांनी मला दाराकडं बोट दाखवलं. आम्ही तिघं गेलो. रस्त्यात यल्लाप्पा डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसत होता, पुन्हा बांधत होता, पुन्हा सोडत होता.

पावणेदोनला रांगेत नंबर लागला. मागं पंधरा-वीस पोरं असतील.

"हाच का तो आचारी?" क्लार्क म्हणाला.

मी हात जोडले.

"सही मी केली होती," नागेश म्हणाला. खाली बघून नाही म्हणाला. "मामाचा संबंध नाही."

क्लार्कनं चष्मा वर केला. "आणि हे?"

"माझे वडील."

"कॉन्ट्रॅक्टर?"

"दगड फोडतात."

"फोडत न्हाई साहेब," यल्लाप्पा मधेच म्हणाला. "फोडतो ते कुणीबी. मी घडवतो."

क्लार्क हसला नाही. कुणीच हसलं नाही, का ते मला माहीत नाही. त्यानं दुसरा फॉर्म दिला. नागेशनं धंद्याच्या रकान्यात लिहिलं, पाथरवट. पॅड पुढं आलं तेव्हा क्लार्कनं हात पुढं केला, पण नागेशनं बापाचा अंगठा स्वतःच्या हातात धरला. दाबला नाही. टेकवला.

काळा डाग उठला. वाटाण्याएवढा.

यल्लाप्पानं सवयीनं शाई केसांना पुसली. नागेशनं रुमाल काढेपर्यंत पुसून झाली होती.

शिक्का बसला. दोनला दहा कमी होते. क्लार्क मला म्हणाला, "जा आजोबा, तुमचं काही नाही." तेव्हा मी अठ्ठेचाळीसचा होतो.

परत आलो तर मास्तर तिथंच बसलेले. नागेश त्यांच्या पायाशी वाकला. मास्तरांनी पाय आखडून घेतले.

"मास्तर, चुकलो. माफ करा."

"सही माझी केली होतीस?"

नागेश बापाकडं वळला. यल्लाप्पा केव्हाच चिंचेखाली जाऊन बसला होता. पोरगा त्याच्याजवळ गेला, कानाशी काहीतरी बोलला. बाप म्हणाला, "बरं बरं, तो हातोडा दे तेवढा."

मास्तर अजून बघत होते.

"नाव कुणाचं घेतलं होतंस?"

तेव्हा नागेश माझ्याकडं वळला. मी चुलीपाशी होतो, खाली लागलेली डाळ वरच्या वर दुसऱ्या भांड्यात काढत होतो. तो दारात आला. तोंड उघडलं त्यानं. मी वाट बघितली.

इतक्यात बाकीची पोरं कॉलेजातून आली, ताटांचा खणखणाट सुरू झाला. तो पंगतीला बसला.

"मामा," म्हणाला, "आमटी वाढा."

वाढली.

त्याला बावीस वर्षं झाली. तो पदवीधर झाला, आता बांधकामाकडं मोठा साहेब आहे. दरवर्षी येतो. त्याच्या वस्तीतली पोरं घेऊन येतो, त्यांचे फॉर्म स्वतः बसून भरतो, आणि सही असो की अंगठा, पालकाला स्वतः घेऊन जातो. अर्धवट सोडून पळालेल्या दोघांना घरी जाऊन परत आणलं त्यानं. मग स्वयंपाकघराच्या दारात येतो. उभा राहतो. तोंड उघडतो.

आणि म्हणतो, "मामा, आमटी आहे का?"

एकदा मी मास्तरांना बोललोच. म्हणालो, सगळ्या जगाचं झालं, माझी माफी मागायची राहिलीय त्याची. तुम्ही त्याला सांगा. नाहीतर पुढच्या खेपेला मीच सांगतो.

मास्तर आजारी होते तेव्हा. डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपले.

"सांगू नकोस, भैरू," म्हणाले. "मागून मोकळा झाला की यायचा थांबेल."

मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं ऐकून मी अजून त्याला सांगितलं नाही. पण पुस्तकात आचाऱ्याचे दोन शब्द हवे होते, तर पोरी, हे तीन घे, आणि ठळक छाप:

नागेश यल्लाप्पा धोत्रे.